उर्वीच्या नावाचा लिफाफा

स्टेशनबाहेर रिक्षा सुरू होते न होते तोच चारुदत्तांनी विचारलं, "आणलात ना?"

"आणलाय," वैदेही म्हणाली. मांडीवरच्या पिशवीवर तिने हात ठेवला.

"मग द्या इकडे. घरी रावजीदादा आलाय. मी बाजूला बसून वाचतो."

"त्यावर उर्वीचं नाव आहे, चारुदत्तराव."

"उर्वी माझी मुलगी आहे."

"तेवीस वर्षांची आहे. मुंबईला स्वतः येऊन रक्त दिलं तिने. कागद तिच्याच हातात देणार."

रिक्षा कुवारबावहून रत्नागिरी गावाकडे निघाली. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, कुंपणांवरून डोकावणाऱ्या आंब्याच्या कलमांना मोहोर आला होता. चारुदत्त बाहेर बघत राहिले. बायकोच्या या थोरल्या बहिणीशी त्यांचा चोवीस वर्षांत एकदाही वाद झाला नव्हता. दहा वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव साली, तिने त्यांच्याच ओटीवर बसून त्यांना सांगितलं होतं, की त्यांचा सहा वर्षांचा मुलगा अपूर्व धावताना पडतो तो दंगेखोर आहे म्हणून नव्हे. त्याचे स्नायू झिजत चालले आहेत. दहा-अकराव्या वर्षी चालणं थांबेल, मग हात, मग श्वास. शाळामास्तरच ते, त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं होतं. पुढे एकेक गोष्ट वहीत लिहिल्या वर्षी घडत गेली. वैदेहीचं म्हणणं खोटं ठरत नाही, हे या घरात त्यांच्याइतकं कुणालाच पटलेलं नव्हतं. म्हणून तर त्या लिफाफ्याची त्यांना भीती वाटत होती.

गुरुवारी उर्वीचा साखरपुडा होता. मुलगा, विनीत, कोकण रेल्वेत सिग्नलच्या कामावर इंजिनिअर; घरचे जयगडचे. मध्यस्थाने अपूर्वबद्दल विचारलं तेव्हा चारुदत्त म्हणाले होते, "लहानपणी ताप आला, त्यात पाय गेले." एवढं एकच वाक्य. कुणी पुढे विचारलं नव्हतं.

"चार दिवस थांबा," ते आता म्हणाले. "गुरुवार होऊन जाऊ दे. मग तिला द्या, काय असेल ते."

"उर्वी कुठे आहे?"

"तिच्या शाळेत स्कॉलरशिपची परीक्षा आहे, वर्गावर ड्यूटी लागलीय. अडीचपर्यंत येईल."

"मग अडीच वाजता देते," वैदेही म्हणाली.

*

रावजी चारुदत्तांचे थोरले भाऊ. राजापुरात काजूचं दुकान होतं. अपूर्वचं चालणं थांबलं त्या वर्षी दुकान मुलावर सोडून ते दोन महिने इथे येऊन राहिले होते, आणि दारच्या पायऱ्या काढून तिथे चाकाच्या खुर्चीसाठी उतार त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. त्यामुळे या घरात त्यांचा शब्द मोडताना सगळ्यांनाच जड जायचं.

"वैदेहीबाई, एक विचारू?" चहा झाल्यावर ते म्हणाले. "कागदात चांगलं असतं तर तुम्ही स्टेशनावरच सांगून टाकलं असतंत. हो की नाही?"

"नाही. चांगलं असतं तरी हेच केलं असतं. दोनशेच्या वर घरांत मी असंच करत आलेय."

"ती घरं परकी. हे तुमचं."

"म्हणून इथे तर चुकून चालणार नाही."

रावजींनी मान हलवली. "तुमच्या विद्येबद्दल मला आदर आहे. पण त्या पोरीने हे तिकडे बोलून दाखवलं तर तिला करील कोण? तुम्ही शिकलात, नोकरी केलीत, एकट्या राहिलात. तुमचं निभावलं. सगळ्यांचं निभत नाही."

ते लागेल असं बोलले नव्हते. काळजीने बोलले होते. वैदेहीला ते कळलं. माजघराच्या दाराशी तिची आई, आनंदीबाई, पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. वडील गेल्यापासून ती धाकट्या मुलीकडे, हेमाकडेच असायची. तिचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू झाले.

निभावलं, हे खरं होतं. वैदेहीच्या पाठचा भाऊ मुकुल एकोणीस वर्षांचा होऊन शहात्तर साली गेला तेव्हा ती मुंबईत एम.एस्सी. करत होती. प्राणिशास्त्र सोडून तिने आनुवंशिकी घेतली, कारण मुकुलला काय झालं होतं हे रत्नागिरीतल्या एकाही डॉक्टरला सांगता आलं नव्हतं. नोकरी लागली ती मुलांच्या रुग्णालयाशी जोडलेल्या एका प्रयोगशाळेत. पहिली दहा वर्षं तिने गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून, जोड्या लावून, पुठ्ठ्यावर चिकटवण्यात घालवली. मग दोन वर्षं परदेशी जाऊन ती डीएनएचं काम शिकून आली आणि परत येऊन जुन्या भांडारघराच्या खोलीत तिने स्वतःचा विभाग उभा केला. दाराबाहेरच्या बाकावर आया मुलांना मांडीवर घेऊन बसायच्या. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असायचा, आणि वैदेहीचं उत्तरही ठरलेलं होतं: यात कुणाचा दोष नाही. अठ्ठ्याण्णवला रेल्वे पुरी झाल्यावर ती दापोलीपासून राजापूरपर्यंतच्या गावांत जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची, आणि मासळीबाजारातून आणलेल्या बर्फात नळ्या ठेवून त्याच दिवशी मुंबईची गाडी पकडायची. डब्यातले लोक विचारायचे, "बाई, सुरमई का?" ती हो म्हणायची.

उर्वी मागच्या डिसेंबरात मुंबईला आली होती. "मावशी, मला लग्नाआधी कळायला हवं," एवढंच म्हणाली आणि बाही वर केली. तोवर वैदेहीने तिचं रक्त कधीच घेतलं नव्हतं. लहान मुलीला हे कळून उपयोग नाही. मोठी होऊन तिने स्वतः मागितलं तरच, हा तिचा नियम होता.

*

हेमा गॅसजवळ उभी राहून कुळथाचं पिठलं ढवळत होती. वैदेही आत आली तशी तिने पाट पुढे सरकवला.

"मी कागद मागणार नाही," हेमा म्हणाली. "तू रिक्षातून उतरलीस तेव्हा हे तुझी पिशवी घ्यायला पुढे झाले आणि तू दिली नाहीस. एरवी देतेस. मला कळायचं ते कळलं."

वैदेही पाटावर बसली.

"पण चार दिवसांनी काय बिघडतं गं? पोरगी दोन महिने हसतेय घरात. साखरपुडा नीट होऊ दे. मग मीच तिला जवळ घेऊन सांगेन. माझ्यात आहे, तुझ्यातही आलंय म्हणून. आईने सांगितलेलं वेगळं असतं."

"साखरपुडा झाल्यावर सगळे म्हणतील, लग्न होऊ दे. लग्न झाल्यावर म्हणतील, आता कशाला."

"आमच्यावर एवढाही विश्वास नाही तुझा?"

"माझ्यावर नाही," वैदेही म्हणाली. "हेमा, मी एकदा अशीच थांबले होते."

पळी चालू होती.

"सत्त्याहत्तर साली, मार्चमध्ये. मुंबईच्या लायब्ररीत मला मुकुलच्या आजाराचं सगळं वाचायला मिळालं. तो आईकडून येतो, मुलांना होतो, आणि बहिणींमध्ये लपून राहतो. निम्म्या शक्यतेने तुझ्यात, निम्म्या शक्यतेने माझ्यात. मी तशीच घरी आले. अण्णा कलमांना पाणी घालत होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, हेमाच्या पत्रिका छापून आल्यात. मुलगा गेला माझा, आता हिचं तरी होऊ दे. तुझ्या पुस्तकातलं पुस्तकात ठेव. आणि मी ठेवलं."

हेमाने गॅस बंद केला. पळी पातेल्यातच राहिली.

"सत्त्याहत्तर," ती म्हणाली. "म्हणजे एक्क्याण्णव साली तू आम्हाला ओटीवर बसून समजावलंस, ते तुला चौदा वर्षं आधी माहीत होतं."

"हो."

"मला वाटायचं, तेव्हाच शोध लागला असेल."

"शोध जुना होता."

"अपूर्वच्या वेळी माझ्या डोहाळजेवणाला तू आली होतीस. हिरवी साडी आणली होतीस मला."

"हो. तेव्हा पोटातल्या बाळाची तपासणी आपल्याकडे नव्हती, पण…"

"तपासणीचं मी विचारत नाहीये, ताई." हेमाचा आवाज चढला नव्हता. "तू लग्न का केलं नाहीस ते मला आज कळलं. मी सासरी सगळ्यांना सांगत आले, आमच्या ताईला अभ्यासाचं वेड. तुला भीती होती म्हणून तू नाही केलंस. स्वतःला वाचवलंस. मला नाही वाचवलंस."

वैदेहीने गेली कित्येक वर्षं या वाक्याला द्यायची उत्तरं मनात जुळवून ठेवली होती. मी बावीस वर्षांची होते. अण्णांपुढे कुणाचं चालायचं. नुसती शक्यता होती, खात्री नव्हती. त्यातलं एकही तिने उच्चारलं नाही.

"खरं आहे," ती म्हणाली.

"बाहेर जा थोडा वेळ," हेमा म्हणाली. "मला पानं वाढायची आहेत."

*

अपूर्वला स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू आलं होतं. त्याच्या खोलीची भिंत तीच होती. सोळाव्या वर्षी त्याचं जग त्या खोलीतल्या टेबलाएवढं झालं होतं, आणि टेबलावर आळीतल्या लोकांनी दुरुस्तीला दिलेले तीन रेडिओ उघडून ठेवलेले होते. पेचकस त्याला अजून धरता यायचा. फक्त उजवा हात टेबलावर चढवायचा तर तो डाव्या हाताने उचलावा लागे.

वैदेही आत आली आणि खाटेवर बसली. त्याने मान वर केली नाही.

"मावशी, ती पोटातली तपासणी आता आहे ना? मुंबईला?"

"आहे. अकराव्या-बाराव्या आठवड्यात करतात. आमच्याकडेच होते."

"मी व्हायच्या आधी ती असती आणि तू आईला सगळं सांगितलं असतंस, तर मी असतो का?"

बाकावरच्या आयांनी तिला हजार प्रश्न विचारले होते. हा कुणी विचारला नव्हता. ज्यांनी विचारायचा ती मुलं मांडीवर असायची.

"बहुतेक नसतास," ती म्हणाली.

अपूर्वने एक बारीक स्क्रू काढून बशीत ठेवला. "मलाही तसंच वाटलं होतं." मग पुढचा स्क्रू सैल करत म्हणाला, "कधी कधी वाटतं, नसतो तर बरं झालं असतं. आई मला उचलताना कंबर धरून बसते तेव्हा वाटतं. पण सकाळी नाही वाटत. सकाळी उठल्यावर कामं असतात."

"हं."

"उर्वीताईला तू सांगणार का, मुलगा नको म्हणून?"

"नाही. काय काय होऊ शकतं ते सांगीन, काय काय करता येतं ते सांगीन. ठरवायचं तिने."

"आणि तिने ठरवलं, माझ्यासारखा नको, तर मला राग येईल का?"

"येईल का?"

त्याने विचार केला. "थोडा येईल," तो म्हणाला. "पण तिला सांगू नकोस. तिच्या ठरवण्यात माझा राग नको."

वैदेहीला वाटलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा. पण तो सोळा वर्षांचा होता आणि काम करत होता. ती नुसती बसून राहिली.

*

उर्वी पावणेतीनला आली. तिच्या बोटांना खडू लागलेला होता. ओटीवरची माणसं एकदम बोलायची थांबली तेव्हाच तिला कळलं, की मावशी कागद घेऊन आली आहे आणि तो अजून कुणी पाहिलेला नाही. तिने पाणी प्यायलं आणि म्हणाली, "मावशी, मागे चल."

मागच्या पडवीत दोरीवर कपडे वाळत होते. दोघी कट्ट्यावर बसल्या. वैदेहीने लिफाफा दिला. उर्वीने तो फाडला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, परत पहिलं वाचलं.

"वाहक," ती म्हणाली.

"हो. आईकडून अपूर्वला जे गुणसूत्र आलं, तेच तुला आलंय. शंभरात पाच वेळा हा निष्कर्ष चुकू शकतो. पण त्या पाचांवर भरवसा ठेवून जगू नये."

"मला काही होणार नाही."

"तुला चालायला-फिरायला काही होण्याची शक्यता फार कमी. हृदय मात्र अधूनमधून तपासून घ्यायचं. मुलगा झाला तर निम्मी शक्यता त्याला आजाराची. मुलगी झाली तर निम्मी शक्यता ती तुझ्यासारखी. दर वेळी नव्याने निम्मी."

वैदेही मग तपासणीबद्दल बोलली. कधी, कुठे, त्यात धोका किती, आणि आजार निघाला तर पुढे काय काय मार्ग असतात. उर्वी ऐकत होती, पण तिची नजर दोरीवरच्या अपूर्वच्या लेंग्यांवर होती. लहानपणी त्याला डबा भरवताना ती म्हणायची, मी मोठी झाल्यावर तुझ्यासारखाच एक मुलगा करीन. तो तेव्हा चालायचा.

"मावशी, तुझं काय आलं होतं?"



"एक्क्याण्णव साली अपूर्वचं रक्त तपासलं, त्याच दिवशी मी माझंही लावलं," ती म्हणाली. "माझ्यात नाहीये ते. कधीच नव्हतं."

उर्वीने हातातली पानं मांडीवर ठेवली.

"तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. त्याआधी दोन वेळा मला विचारणारी माणसं आली होती. एक फार चांगला होता. त्याला कारण न सांगताच नाही म्हटलं. सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे मला माहीत नाही. मी त्याला म्हणूच दिलं नाही."

 मग उर्वीने दोन्ही पानं घडी घालून लिफाफ्यात ठेवली.

"विनीत पाचला येणार आहे, हॉलचं बघायला," ती म्हणाली. "मी त्याला आजच सांगते."

*

ओटीवर तिने हे सांगितलं तेव्हा चारुदत्त उभे राहिले.

"कागद तुझा, मान्य," ते म्हणाले. "पण लग्न एकट्या तुझं नसतं. गुरुवारी सत्तर माणसं येणार आहेत. मी तिकडे एक सांगून बसलोय. आता तू दुसरं सांगितलंस तर मी खोटा ठरेन, आणि अपूर्व…" ते अडखळले. "अपूर्वकडे लोक वेगळ्या नजरेने बघतील. उद्या तुझ्याकडेही."

"बाबा, गुरुवारनंतर सांगितलं तर मीही खोटी ठरेन."

"मग सांगूच नकोस," रावजी म्हणाले. "मुंबईला तपासणी आहे म्हणतात ना वैदेहीबाई? वेळ येईल तेव्हा मावशीकडे जायचं, गुपचूप करून घ्यायचं. मुलगी निरोगी, मुलगा निरोगी, झालं. कुणाला कशाला कळायला हवं? बाई, बोला ना, होतं की नाही असं?"

"होतं," वैदेही म्हणाली. "बायका एकट्या येतात. नवऱ्याला माहेरी जाते सांगून येतात. मी त्यांना परत पाठवत नाही. पण त्या परत जाताना मी त्यांना पाहिलेलं आहे, रावजी."

चारुदत्तांनी हेमाकडे पाहिलं. सकाळपासून ती त्यांच्याच बाजूने होती. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती; दुपारपासून तिने वैदेहीकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"तिला सांगू दे," हेमा म्हणाली.

"अगं, तूच सकाळी म्हणालीस…"

"सकाळी मला काही माहीत नव्हतं. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्याबद्दल सगळ्यांनी ठरवलं. अण्णांनी ठरवलं, ताईने ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. तुम्हालाही कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही मला केलं असतंत का, ते तुम्हाला तरी माहीत आहे का?"



तेव्हा आनंदीबाईंनी शेंगांची परात बाजूला सारली. "वैदे," त्या म्हणाल्या, "तू मागे तो तक्ता काढलेलास ना गो, चौकोनांचा?"

"वंशावळीचा. हो."

"त्यात माझ्या भावांचं काय लिहिलंस?"

वैदेहीला तो तक्ता पाठ होता. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई. काळा भरलेला चौकोन म्हणजे आजारी मुलगा. आईच्या ओळीत दोन रिकामे चौकोन होते. "तापाने गेले, असं लिहिलंय. तूच सांगितलंस."

"तापाने नाही गेले. भालू आणि वासू. केळशीच्या घरी वासूला मी उचलून न्हाणीघरात न्यायच्ये. भालू सतराव्या वर्षी गेला, वासू अठराव्या. माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी बजावलं, सासरी भावांचं बोलायचं नाही, तापाने गेले म्हणायचं. मी म्हटलं तसं." त्यांचा आवाज सरळ होता, एवढ्या वर्षांत मनात सतत बोलून झालेलं असावं तसा. "मुकुलचे पाय गेले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, तुझ्या माहेरी आहे का काही असलं? मी नाही म्हटलं. तुझ्या अण्णांनाही कधी सांगितलं नाही. तू एवढी शिकलीस, मला सांगायचीस, आई, यात कुणाचा दोष नाही. मी हो म्हणायच्ये. मनात म्हणायच्ये, हिला ठाऊक नाही."

"आई, दोष नाहीच आहे."

"आजाराचा नसेल. न बोलल्याचा आहे." आनंदीबाई जावयाकडे वळल्या. त्या सहसा त्यांच्याशी समोरासमोर बोलत नसत. "जावईबापू, आमच्याकडे ताप कुणालाच आला नव्हता. ना तेव्हा, ना आता. पोरीला जाऊ द्या."

रावजींनी खाली बघितलं. चारुदत्त हळूहळू खुर्चीत बसले.

*

पाच वाजता विनीत आला. उर्वी त्याच्या स्कूटरवरून मांडवीच्या किनाऱ्यावर गेली. दीड तासाने दोघं परत आली. वैदेही तोवर अपूर्वच्या खोलीत होती. हेमा देवापाशी बसली होती, पण तिने दिवा लावला नव्हता.

विनीत चपला काढून ओटीवर आला आणि उभाच राहिला. तो शांत स्वभावाचा, थोडा बोजड मुलगा होता. आता त्याचा चेहरा उन्हातून आल्यासारखा झाला होता.

"काका, अपूर्वला ताप आला होता असं आम्हाला सांगितलं होतं," तो म्हणाला.

घरात सगळ्यांना वाटलं, चारुदत्त आता काहीतरी सावरून घेतील. पंचवीस वर्षं त्यांनी शाळेत पालकांना सावरून घेतलं होतं.

"मी सांगितलं," चारुदत्त म्हणाले. "खोटं सांगितलं. मध्यस्थाचा दोष नाही, उर्वीचाही नाही. तिला ते माहीत नव्हतं."

विनीतने मान हलवली. "गुरुवारचं राहू दे. मी उद्या जयगडला जाऊन आईशी बोलतो. ती काय म्हणेल माहीत नाही. माझं मलाही माहीत नाही अजून." तो उर्वीकडे वळला. मग त्याने चपला घातल्या. गेला.

त्याची आई काय म्हणाली ते बुधवारी कळलं. मध्यस्थ आले, चहा न घेता बसले, आणि योग नाही म्हणाले. विनीतने स्वतः काही निरोप पाठवला नव्हता. रावजींनी सत्तर माणसांना निरोप धाडण्याचं काम स्वतःकडे घेतलं, आणि का मोडलं असं विचारणाऱ्याला ते म्हणायचे, "कारण आहे, आणि ते लपवण्यासारखं नाही, पण सांगायचं तर उर्वी सांगेल." उर्वी सोमवारीही शाळेत गेली होती, गुरुवारीही गेली.

वैदेही सोमवारच्या गाडीने परतली होती. चारुदत्त स्टेशनावर आले, त्यांनी पिशवी उचलून डब्यात ठेवली. हेमा दारापर्यंतही आली नव्हती. मुंबईत पोचल्यावर वैदेहीने तक्ता काढला, आईच्या ओळीतले दोन चौकोन शाईने भरले आणि त्यांच्याखाली नावं लिहिली. पुढचे वीस दिवस तिने रोज संध्याकाळी रत्नागिरीचा नंबर फिरवायचा विचार केला आणि फिरवला नाही. आपण बोलून उर्वीचं बरं केलं की वाईट, याचं उत्तर तिच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. बाकावर आया येत होत्या. ती त्यांना अजूनही तेच सांगत होती, पण आता त्यापुढे एक वाक्य जास्त सांगायची: तुमच्या माहेरी कुणी लवकर गेलं असेल तर ते खरं सांगा, मी कुणाला बोलणार नाही.

एकविसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, फोन वाजला.

"ताई, मी बोलतेय," हेमा म्हणाली.

"बोल," वैदेही म्हणाली.

"विनीत आला होता सकाळी. एकटाच."

"उर्वीकडे?"

"उर्वी नव्हती. पेपर तपासायला गेलीय शाळेत. त्याला ते माहीत होतं. म्हणाला, अपूर्वशी बोलायला आलोय. तासभर दोघं बोलत होते. काय ते मी विचारलं नाही." हेमा थांबली. "मग अपूर्वला खाटेवरून खुर्चीत घ्यायचं होतं. हे घरी नव्हते. मी उठले तर विनीत म्हणाला, तुम्ही बसा, मला दाखवा कसं उचलायचं. अपूर्वनेच सांगितलं त्याला. काखेत धरू नका, खांदा निसटतो. एक हात पाठीमागून, एक गुडघ्यांखाली. पहिल्यांदा जमलं नाही. घाबरला होता. दुसऱ्यांदा उचललं."

"मग?"

"मग काही नाही. चहा घेतला. आईला अजून पटलेलं नाही म्हणाला. पण पुढच्या रविवारी येतो म्हणाला." हेमाचा आवाज खाली आला. "ताई, तुझ्यावरचा राग गेला नाहीये माझा. तो जायला वेळ लागेल. जाईल की नाही, तेही माहीत नाही."

"असू दे."

"त्यासाठी फोन नाही केला. उर्वी आत्ता आलीय शाळेतून, दारात सायकल लावतेय. अपूर्व म्हणतो, नको सांगू, उगाच आशा लागेल तिला. हेही तेच म्हणतात. मला कळेना. म्हटलं, तुला विचारावं."

वैदेहीने डोळे मिटले.

"सांग तिला," ती म्हणाली.

हेमाने फोन खाली ठेवला नाही. तिचा आवाज लांबून, ओटीवरून, स्पष्ट ऐकू आला. "उर्वी, इकडे ये गं जरा. बस अशी."